शलाकाच्या बाजूनं

सुवर्णाबाईंनी मनावर घेतलं तर त्या कारलं आंबा म्हणून विकतील आणि घेणारा वर आणखी दोन किलो मागेल, असं त्यांचा नवराच म्हणायचा. पंचवीस वर्षं हे प्रयोग त्याच्यावरच झालेले, त्याला खोटं कोण म्हणणार? महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून शिकवून धार आलेली जीभ ती. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, हे बाईंना वर्गात कधी शिकवावं लागलं नाही. पोरांना ते समोर दिसतच होतं.

या जिभेला दोन वर्षांपूर्वी एक नवं कुरण सापडलं. नाशिकरोडला महेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी अकराला वीसेक माणसं जमायची आणि ‘शलाका’ या मालिकेवर तावातावानं भांडायची. शलाका म्हणजे तळहातातून वीज सोडणारी, अंगात चिलखत घातलं की तोफेलाही न जुमानणारी पोरगी. आता तिची हाणामारी बघायला अख्खा महाराष्ट्र बसतो, पण ही मंडळी हाणामारीवर बोलायचीच नाहीत. ती अशी का वागली, तिनं दुसरं काय करायला हवं होतं, तिचं बरोबर का चूक, यावर दोन-दोन तास रान उठवायची. कारकून, परिचारिका, कॉलेजातली पोरं, आणि मखमलाबादकडं गुलाब-झेंडू पिकवणारा नवनाथ. चहा महेशचा.

भांडणाचा नियम मात्र कडक होता. स्टीलच्या डब्यात दोन चिठ्ठ्या, एकीवर ‘बरोबर’, दुसरीवर ‘चूक’. त्या दिवशीचे दोन वक्ते ठरले की एकानं चिठ्ठी उचलायची. जी निघेल ती त्याची बाजू, उरलेली दुसऱ्याची; दुसरी चिठ्ठी उघडायचीसुद्धा नाही. मनात काही का असेना, चिठ्ठी सांगेल ते ठासून बोलायचं. शेवटी हात वर करून मतं. महेश सगळं मोबाइलवर टिपायचा आणि यूट्यूबवर टाकायचा. चिठ्ठ्यांचा भाग मात्र कापून टाकायचा, म्हणायचा, “तो डबा कोण बघत बसणार?” सुवर्णाबाई लागोपाठ अकरा वेळा जिंकलेल्या होत्या. त्या हरल्याच तर खोलीचं छप्पर पडेल, असं पोरं म्हणायची, आणि बाईंना ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं.

त्या रविवारचा विषय कुणा प्रेक्षकानं सुचवलेला होता. मालिकेत शलाकाच्या मानलेल्या भावानं तिला तीन वर्षांपूर्वी दरीत ढकललेलं. आता तो निरोप धाडतो, आई अंथरुणाला खिळलीय, झालं गेलं विसरून घरी ये. शलाका चिलखत उतरवून ठेवते आणि साध्या कपड्यांत उंबऱ्यावर पाय ठेवते. तिथं भाग संपला होता. पुढचा भाग यायला अजून पंधरा दिवस होते. तर, तिचं बरोबर का चूक?

घरी हा भाग बघताना सुवर्णाबाई टीव्हीवर ओरडल्या होत्या, “अगं बये, जाऊ नको, गिळेल तो तुला!” पण डब्यात हात घातला आणि चिठ्ठी निघाली ‘बरोबर’. समोर नवनाथ. बाईंनी पदर खोचला.

“चिलखत घालून माहेरी जाते ती लेक नव्हे, फौजदार!” त्यांनी पहिल्याच वाक्याला खोली ताब्यात घेतली. “दार वाजवून बघितल्याशिवाय ते बंद आहे म्हणणं, हे भित्र्याचं शहाणपण. माणूस बदलतो, यावर विश्वास नसेल तर शलाकानं लढायचं तरी कशासाठी? आणि उद्या आई गेली, म्हणजे काय चिलखताला मिठी मारून रडणार आहे ती?”

दोन पोरींनी डोळे पुसले. नवनाथ उभा राहिला, त्यानं टोपी काढली, परत घातली.

“जित्याची खोड मेल्याबिगर जात नाय,” तो म्हणाला. “आन् आई आजारी हाय, हे सांगतंय कोन? ज्यानं ढकललं तोच ना? दुसऱ्या कुनी पायलं का आईला?”

त्या दोन तासांत कामाचं बोललं गेलं ते एवढंच. पण बाईंनी मान तिरकी करून विचारलं, “नवनाथभाऊ, तुम्ही फुलं विकता का संशय?” आणि खोली खदाखदा हसली. नवनाथही हसला बिचारा. मतं पडली सोळा विरुद्ध तीन.

आता चैतालीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच येऊन पडायचं होतं. सुवर्णाबाईंच्या कॉलनीत, खालच्या मजल्यावर रवी राहायचा. बौद्ध कुटुंबातला, आईवडील नसलेला, ओझरच्या कारखान्यात फिटर. त्याचे वडील सुवर्णाबाईंना बहीण मानायचे, म्हणून त्या त्याच्या आत्या. चैताली देवळ्याकडची, कांद्याचे मोठे बागाईतदार तिचे घरचे. नाशिकला शिकायला आली, रवीशी जमलं, जात आडवी आली, आणि दोघांनी रजिस्टर लग्न केलं. आठव्या दिवशी तिचा थोरला भाऊ कारभारी दोन जीपगाड्या भरून माणसं घेऊन दारात हजर. हातात दांडकी. चैताली आत कडी लावून थरथरत होती, रवीला चार शेजाऱ्यांनी धरून ठेवलेलं. तेव्हा जिन्यात एकट्या सुवर्णाबाई उभ्या राहिल्या आणि अर्धा तास बोलल्या. काय बोलल्या ते त्यांनाही आठवत नाही, पण माणसं एकेक करून जीपमध्ये जाऊन बसली. कारभारी सगळ्यात शेवटी वळला. शांतपणे म्हणाला, “बोलता लय भारी, ताई. पण ह्या दोघांना मी सोडनार नाय. आज नाय तर उद्या.” त्या दिवसापासून चैताली देवळ्याच्या वाटेला गेली नव्हती. रवी तिला जाऊ देत नव्हता, आणि सुवर्णाबाईंनीही तिला बजावलं होतं, त्या माणसावर इतकासुद्धा विश्वास ठेवू नको.

वर्ष गेलं. चैतालीला चौथा महिना लागला.

त्या वादानंतरच्या बुधवारी शाळेतून येताना ती बाईंना जिन्यात भेटली. चेहरा उजळलेला.

“आत्या, रविवारचा तुमचा व्हिडिओ मी चार वेळा बघितला. रडू आलं हो. चिलखताला मिठी मारणार का, म्हणालात ना, तिथं तर हुंदकाच फुटला. तुम्हाला खरंच असं वाटतं? शलाका गेली ते बरोबर?”

इथं सांगायला हवं होतं. ‘अगं, चिठ्ठी निघाली म्हणून बोलले, माझं मत उलटंच आहे,’ बस, एवढंच. पण समोर एक पोर भारावून उभी आहे, आपल्या शब्दांनी तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलंय, अशा वेळी ‘ते सगळं नाटक होतं’ असं कुणाच्या तोंडून निघतं? हरभऱ्याच्या झाडावर चढलेलं माणूस आपण होऊन खाली उतरत नाही. सुवर्णाबाई म्हणाल्या, “म्हणजे काय! अगदी मनापासून बोलले.”

चैतालीनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. बाईंना वाटलं, गोड पोरगी. आणि त्या कुकर लावायला वर गेल्या.

पुढच्या रविवारी साडेदहाला, त्या दुकानाकडं निघायच्या तयारीत असताना रवीचा फोन आला. तो जादा पाळीवर ओझरला होता.

“आत्या, चैतालीचा फोन नऊपासून लागत नाहीये. तुम्हाला काही बोलली का पोहोचल्याचं?”

“कुठं पोहोचल्याचं?”

“देवळ्याला. आई फार आजारी आहे म्हणून कारभारीदादाचा आठवडाभर फोन येत होता. सकाळी आठला तो स्वतः गाडी घेऊन आला. तिला घेऊन गेला, म्हणाला, आईला भेटवून संध्याकाळी आणून सोडतो.”

सुवर्णाबाईंच्या हातातली पर्स खाली पडली.

“आणि तू जाऊ दिलंस? रवी, अरे, तू जाऊ दिलंस?”

तो गोंधळला. “मी वर्षभर नाहीच म्हणत होतो ना, आत्या. पण ती म्हणाली, आत्यांना विचारलंय, त्या मनापासून म्हणाल्या जावं. तुम्ही हो म्हणालात म्हटल्यावर मी कोण अडवणार? त्या माणसाला तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही.”

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. सांगायचं होतं बरंच, पण घाईत एकच सुचलं. “आत्ताच्या आत्ता नीघ. मोटारसायकल काढ आणि तिला घेऊन ये. सरळ जा!” रवीनं काही न विचारता फोन ठेवला.

दुकानात माणसं जमू लागली होती. सुवर्णाबाई धापा टाकत मागच्या खोलीत शिरल्या आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. महेश सोल्डरिंगची कांडी हातात तशीच धरून ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढरा पडला.

“ताई, तो विषय ज्यानं सुचवला ना…” त्यानं मोबाइल काढला. खात्याला नाव नव्हतं, नुसता कांदा साठवायच्या चाळीचा फोटो. खातं उघडून तीन आठवडे झालेले. “त्यानं लिहिलं होतं, हा विषय घ्या, आणि सुवर्णाताईंनाच शलाकाच्या बाजूनं बोलू द्या. मग मी व्हिडिओ हजार माणसांना पाठवतो. म्हणून मी… ताई, मारा मला वाटल्यास. दोन्ही चिठ्ठ्यांवर मी ‘बरोबर’च लिहिलं होतं आणि डबा तुमच्यापुढंच धरला. म्हटलं, तुमची बाजू चांगली रंगेल, व्हिडिओ चालेल.”

बाईंनी मोबाइल हिसकावून घेतला. त्यांच्या व्हिडिओखाली त्याच खात्यावरून काल रात्री एक ओळ आलेली होती. ‘ताई, तुमच्या तोंडात साखर पडो. आमचं काम सोपं झालं.’

नवनाथनं खुर्चीवरची टोपी उचलली. “ताई, चला. पिकअप भायेर हाय.”

महेश पोलिसांना फोन लावत राहिला आणि हे दोघं निघाले. गाडीला सकाळच्या झेंडूचा वास होता. आडगाव मागं पडलं, ओझर मागं पडलं. सुवर्णाबाई एकदा चैतालीला फोन लावत होत्या, एकदा रवीला. तिचा बंद, त्याचा वाजून वाजून थांबायचा; मोटारसायकलवर माणूस फोन कसा उचलणार? पिंपळगावच्या टोलनाक्यावर महेशचा फोन आला, पोलिसांनी पत्ता लिहून घेतलाय, गाडी पाठवतो म्हणाले. कधी, ते सांगितलं नाही. पोरगी सज्ञान आहे, भावाबरोबर खुशीनं गेलीय, यात तक्रार काय, असंही विचारलं म्हणे.

“रवीला एकट्याला कशापायी धाडलं, ताई?” नवनाथनं समोर बघतच विचारलं.

“मग काय करणार होते? तो ओझरला, आपल्या पुढं.”

“ते खरं. पन पोरीचा भाऊ म्हनला व्हता ना, दोघांना सोडनार नाय म्हनून. दोघांना.”

बाईंनी त्याच्याकडं बघितलं. मागच्या रविवारी याच माणसाला त्यांनी हशा पिकवून खाली बसवलं होतं. त्यांनी परत रवीला फोन लावला. वाजला, थांबला.

चांदवड सोडून देवळ्याच्या रस्त्याला लागल्यावर चैतालीचा फोन एकदम लागला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

“हा, ताई. मी कारभारी. वळखलं ना?”

“चैताली कुठाय?”

“आईजवळ शे. बठ्ठं, समदं बरं शे, चिंता करू नका.”

सुवर्णाबाईंनी आवाज सावरला. “कारभारीभाऊ, मी त्या दिवशी बोलले तो खेळ होता. चिठ्ठी निघाली, म्हणून बोलले. माझं मत ते नव्हतं.”

“मला कशाला सांगता? तिला सांगा की. स्पीकर चालू शे.”

आणि चैतालीचा आवाज आला, लहान पोरीसारखा. “आत्या! अहो, आई तर ठणठणीत आहे! दादा म्हणतो, खोटं बोलल्याशिवाय तू आली असतीस का? आधी रागच आला, मग हसू आलं. पुरणाच्या पोळ्या केल्यात. सगळे काका आलेत, मामा आलेत. एवढी माणसं माझ्यासाठी!”

“चैताली, ऐक माझं. तिथून ऊठ. काही कारण सांग, दुखतंय म्हण, आणि रस्त्यावर येऊन उभी राहा. मी येतेय.”

मग ती बोलली तेव्हा आवाजातलं पोरपण गेलं होतं.

“आत्या, हे काय बोलताय? दादा ऐकतोय सगळं. त्याला काय वाटेल?”

“वाटू दे! अगं, तो विषय त्यानंच सुचवला होता. मला चिठ्ठी निघाली म्हणून मी…”

“बुधवारी मी तुम्हाला तोंडावर विचारलं. तुम्ही म्हणालात, अगदी मनापासून. आणि आज ही दुसरी बाजू?” चैतालीला रडू येत होतं. “तुम्हाला दोन्हीकडून बोलता येतं, आत्या, कबूल आहे. पण मी काय तुमची मालिका आहे? वर्षानंतर मी माझ्या आईच्या मांडीवर डोकं ठेवलंय. ते तरी ठेवू द्या.”

“चैताली! पोरी, पाया पडते तुझ्या…”

पण फोन कारभारीच्या हातात गेला होता. तो दूर कुठंतरी चालत गेला असावा. मागचा बायकांचा गलका कमी झाला.

“बघा ताई. मागल्या साली तुमच्या बोलन्यानं माझी मान्सं माघारी फिरली. तवाच ठरवलं, हे बोलनं आपल्या कामाला लावायचं.” तो जराही चढ्या आवाजात बोलत नव्हता. “आता जावईबापू निघालेत ना? तेच बघत व्हतो. तिला आनली का तो मागोमाग येनार, हे म्हाईत व्हतं. येऊ द्या. त्याचंबी पान मांडेल शे.”

फोन बंद झाला.

“पळव गाडी,” सुवर्णाबाई किंचाळल्या. “नवनाथभाऊ, त्यांना रवी हवाय! मीच धाडलं हो त्याला, मीच!”

नवनाथनं पाय दाबला. पिकअप खडखडत सुटली. बाई रवीला फोन लावत राहिल्या. एकदा. दोनदा. पाचदा. सहाव्या वेळी त्यानं उचलला.

“आत्या, पोहोचलो बघा. मळ्याच्या तोंडाशी आहे, गाडी उभी करतोय.”

“रवी, आत पाय टाकू नको! आहेस तिथून मागं फीर. तो सापळा आहे, तुझ्यासाठी आहे. दोघांसाठी आहे. मी बोलले ते सगळं खोटं होतं, चिठ्ठीसाठी होतं, मोठेपणासाठी होतं. ऐकतोयस ना? आम्ही येतोय, पोलीस येतायत, तोवर रस्त्यावर थांब!”

रवी ऐकत होता. मोटारसायकल स्टँडवर लावल्याचा आवाज आला.

“चैताली दिसतेय,” तो हळू आवाजात म्हणाला. “ओट्यावर आहे. मला बघितलंय तिनं, हात करतेय. तिच्या मागं माणसं आहेत आत्या, दहा-बारा. पडवीत दांडकी उभी करून ठेवलीयेत.”

“म्हणूनच सांगते, थांब! तिला बाहेर बोलाव. लांबून हाक मार.”

“मारली. ती म्हणतेय, तू आत ये.”

“नको जाऊ! रवी, तू माझं कधी मोडलं नाहीस. आजही मोडू नको. तू गेलास तर दोघंही जाल. तू बाहेर राहिलास तर निदान…”

“आत्या,” रवी म्हणाला. त्याच्या आवाजात भीती होती, पण तो थांबलेला नव्हता. पायाखालची खडी वाजत होती. “ती आत आहे. मी बाहेर कसा थांबू?”

बारा रविवार सुवर्णाबाईंना कुणी निरुत्तर केलं नव्हतं. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, पण याच्यावर काय बोलायचं असतं ते त्यांना सुचलं नाही. फोन चालूच होता. खडी वाजायची थांबली. “या, या, जावईबापू,” असं कुणीतरी म्हणालं, आणि बऱ्याच पुरुषांचं हसणं ऐकू आलं, आणि त्यात चैतालीचंही होतं. मग कुणीतरी म्हणालं, “तो फोन द्या इकडं,” आणि आवाज गेला.

“काय म्हनला?” नवनाथनं विचारलं.

“आत गेला.”

नवनाथनं पुढचा ट्रक हॉर्न न वाजवताच ओलांडला. देवळा अजून अकरा किलोमीटर होतं.